ओट्यावरचं मोहोळ

गेवराईतल्या घराचा भाडेकरू जीवन याचं पत्र येऊन महिना झाला होता : ‘ओट्यावर मोहोळ बसलंय, काढू का?’ रामहरी गुरुजींनी चार उत्तरं लिहिली आणि चारही फाडली. आज कामानिमित्त गेवराईला आलेले ते तिथल्या पोस्टात रांगेत उभे होते. पुढच्या दोघी त्यांना ओळखत नव्हत्या.

“मोहोळ बसलं आन् आमच्या ओट्यावरचा पत्त्यांचा अड्डा उठला, कडूमावशी!”

“काय सांगती, बबिता!”

“बंकटभावजी तर अनवाणीच पळाले. चपला अजून आमच्या दारात हायत.”

“आन् जीवन?”

“घरात बसून भेंडी चिरतेत. माझ्यासंगं बोलतेत बी!”

“अगं बया! मग मोहोळाला निवद दाखव की!”

“हसू नका. ह्यांनी घरमालकाला पत्र धाडलंय. ऐतवारपर्यंत जबाब न्हाई आला तर धूर करून माशा उठवणार हायत.”

“मालक कोण हाय?”

“कोण गुरुजी हायत म्हणं. लई शिकलेले. एक ओळ लिहीनात!”

गुरुजींचे कान तापले. खिडकीशी पोचताच त्यांनी पोस्टकार्ड घेतलं आणि तिथंच लिहिलं : ‘मोहोळाला हात लावू नये. ओट्यावर कुणी बसू नये.’

पुन्हा वाचून न बघता त्यांनी कार्ड पेटीत टाकलं.