बसलेल्यांचे पाय

बेलग्रेडच्या ट्रॅममध्ये भरदुपारी समोरच्या मुलीने मोबाइलवर मोठ्याने गाणं लावलं, तशा रादोयकाबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. मुलीशेजारी तिचे आजोबा बसले होते.

"दुन्या, हेडफोन लाव की गं."

"कुठला लावू, आजोबा? निघताना आजीने शुभ म्हणून मागून पाणी ओतलं ना! अख्खा जग पिशवीवर. हेडफोन गेले."

"काम पाण्यासारखं वाहत जावं म्हणून ओतते ती. माझ्याही प्रत्येक लग्नाला ओतायची."

"किती लग्नं झाली तुमची?"

"वाजवायला गेलो ती गं, वात्रट! माझ्या अकॉर्डियनवर मात्र थेंब उडाला नाही कधी."

"आज पहिल्यांदा क्लबात डीजे म्हणून उभी राहणार मी. नदीतल्या तराफ्यावरचा एवढा मोठा क्लब, आणि कुणी नाचलंच नाही तर?"

"नाचणाऱ्यांचं काय घेऊन बसलीस? ते ट्रॅमच्या घंटेवरही नाचतील. तू बसलेल्यांचे पाय बघ. पाय हलले, की ते गाणं सोडायचं नाही."

"आणि नाही हलले तर?"

"तर गुपचूप दुसरं लावायचं. चाळीस वर्षं मी तेच केलं. हं, लाव पुन्हा, ते एका गाण्यातून दुसऱ्यात शिरतेस ना, तिथून."

"नको हो. समोरच्या बाई मघापासून खाऊ की गिळू करून बघतायत."

"तोंड कशाला बघतेस? पाय बघ."

रादोयकाबाईंनी खाली पाहिलं, आणि ठेका धरलेला उजवा बूट झटकन सीटखाली ओढून घेतला.