मैनाबाईचा ग्रुप कोणाकडे जाणार

आपल्या मच्छीमार सोसायटीचे चेअरमन आणि आजच्या सभेचे अध्यक्ष पुंडलिकभाऊ, बोईसरहून वेळ काढून आलेल्या प्रमुख पाहुण्या पुष्पलता मॅडम, जिच्यासाठी हा हारतुरा चाललाय ती मैनाबाई, समोर बसलेल्या घिवलीच्या सगळ्या म्हावरंवाल्या बाया, आणि दाराशी उभं राहून फुकटची पंख्याची हवा खाणारे त्यांचे नवरे, तुम्हा सर्वांना पारूबाईचा नमस्कार.

माझी शाळा तिसरीपर्यंत. त्यामुळे हे भाषण मी लिहिलेलं नाही. मी फोनला सांगितलं, फोनने लिहून घेतलं, आणि नात मोनालीने मोठ्या अक्षरांत छापून आणलं. शिव्यांच्या जागी फोनने चांदण्या काढल्यात. पाहुण्या बसल्यात म्हणून त्या मीही गाळते.

मैनाबाई आज संध्याकाळी मुलाकडे वापीला चालली, कायमची. तिचे गुडघे गेले. मला सगळे म्हणाले, तू सगळ्यात जवळची, तू दोन शब्द चांगले बोल. जवळची खरी. एकतीस वर्षं बोईसरच्या बाजारात आम्ही मांडीला मांडी लावून बसतो. चांगलं बोलायचं कबूल मात्र मी केलेलं नाही.

आणि उगाच आडपडदा कशाला? मैनाबाई जाते याचं दुःख इथे किती जणींना आहे ते मला ठाऊक आहे. तिच्या मागे तिचा गिऱ्हाइकांचा व्हॉट्सॲप ग्रुप कोणाला मिळतो, तेवढ्यासाठी या खुर्च्या भरल्यात. तीनशे बारा गिऱ्हाइकं आहेत त्यात. चौघींनी तो मागितला होता. त्यात एक मी.

आमच्या दोघींच्या टोपल्या एकाच टेम्पोतून उतरतात. म्हावरं एकाच बंदराचं, बर्फ एकाच कारखान्याचा. तरी तिची टोपली अकराला रिकामी आणि माझी दीडला. का? तिचा पापलेट काय इंग्रजी बोलतो? एकतीस वर्षं माझ्या पोटात दुखतंय, आणि त्याचं औषध कुठल्या डॉक्टरकडे नाही.

तीन वर्षांपूर्वी तिच्या मुलाने, धर्मेशने, तिला मोठा फोन आणून दिला. मी मनात म्हटलं, बरं झालं, आता ही रील बघत बसेल आणि गिऱ्हाईक माझ्याकडे वळेल. झालं उलटं. तिने फोनलाच कामाला लावलं. सकाळी लिलाव झाला की माशाचा कल्ला उचलून आतला लाल रंग दाखवायची, फोटो काढायची आणि ग्रुपवर टाकायची. लिहिता येत नाही, म्हणून बोलून पाठवायची. "आज सुरमई चांगली हाय. कोलंबी बारीक हाय, घेऊ नका, सोलून सोलून वैतागाल." स्वतःच्या मालाला कोणी नावं ठेवतं का? ही ठेवायची, आणि लोक आणखी मागायचे.

सालवडला खोल्या करून राहणारी कंपनीतली मुलं तिला बोलून पाठवायची, "मौसी, आधा किलो बांगडा रख देना, ड्यूटी छूटते ही आता हूँ." आणि हिचं हिंदी ऐकलंय का कोणी? "रखती मैं, पण जल्दी आनेका, म्हावरा तेरा वाट नहीं देखता." तरी ती मुलं धावत यायची. मी तिच्या शेजारी बसून माशा हाकलत होते.

कॉलनीतल्या एका बाईंसाठी मी चौदा वर्षं गाबोळी, म्हणजे माशाची अंडी, बाजूला काढून ठेवत आले. दुसऱ्या कोणी मागितली तर संपली म्हणून सांगायचे. एका बुधवारी त्या फोनमध्ये बघत बघत माझ्यासमोरून गेल्या आणि मैनाबाईने बांधून ठेवलेली पिशवी उचलली. मी हाक मारली. त्यांनी मान वर केली आणि म्हणाल्या, "अय्या मावशी, तुम्ही बसता का अजून?"

त्या दिवशी गाबोळी मी घरी नेऊन मांजरीला घातली.

मग मीही फोन घेतला. मोनालीने शिकवलं. मला त्यातल्या तीन गोष्टी आवडतात. एक, हे बोललेलं लिहिणारं. दुसरी, व्हिडिओ कॉल. चिंचणीच्या बहिणीशी आता तोंड बघून भांडता येतं, नुसत्या आवाजावर भांडण रंगत नाही. आणि तिसरा लुडो. लुडोमध्ये मैनाबाई नाही, म्हणून तो सगळ्यात जास्त आवडतो.

आता आपल्या बायांचा वेगळा ग्रुप आहे, गावातल्या गावात. मैनाबाईच्या फोनमध्ये वारा-पाऊस सांगणारं एक ॲप आहे. रोज दुपारी ती आपल्या ग्रुपवर बोलायची, वारा कुठला, ढग कुठे. काम उपयोगाचं होतं, नाही कोण म्हणतं? पण घरात भाकरी थापताना देखील तिचाच आवाज. मी मोनालीला सांगितलं, "हिचं तोंड बंद कर."

"आजी, तोंड बंद नाय होत. आवाज बंद होतो."

"तेवढं पुरे हाय."

हे मागच्या वैशाखातलं. आगोटीची खरेदी चालली होती, पावसाळ्याचं सुकं म्हावरं भरायला लोक आपल्याला शोधत येतात ते दिवस. म्हावरं वाळवायची माझी बांबूची वलांडी बोंबलांनी गच्च भरलेली, दोन-दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवून टांगलेली. दुपारी मी आणि मोनाली ओटीवर लुडो खेळत होतो. माझी तिसरी सोंगटी घरात जाणार, आणि पत्र्यावर थेंब वाजले. बाहेर येऊन बघते तर सगळ्यांच्या वलांड्या मोकळ्या. सगळ्यांचे बोंबील घरात. एकटे माझे भिजत होते. मैनाबाईने तासभर आधीच सांगितलं होतं. मी तिचा आवाज बंद करून बसले होते.

भिजलेला बोंबील कसा होतो ते तुम्हाला सांगायला नको. मॅडमना सांगते. दोन दिवसांत त्याच्याकडे बघवत नाही.

दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं. मैनाबाईने तिचे बोंबील पुन्हा टांगले. पांढरे, सडसडीत. मी तिच्या वलांडीचा फोटो काढला आणि माझ्या स्टेटसला लावला. खाली फोनकडून लिहून घेतलं, "पारूबाईचे सुके बोंबील, आत्ताच मागवा."

आता आपण सगळ्याजणी आपापल्या वलांडीला जुन्या लुगड्याची चिंधी बांधतो, माल ओळखू यावा म्हणून. फोटोत कोपऱ्यात मैनाबाईच्या जांभळ्या लुगड्याची चिंधी फडकत होती. मला बोंबील दिसले, चिंधी दिसली नाही. अख्ख्या घिवलीला दिसली. स्टेटस कोणी कोणी बघितलं त्याची यादी फोन दाखवतो. पहिलंच नाव मैनाबाई.

त्याच संध्याकाळी पुष्पलता मॅडमचा फोन आला. "पारूबाई, फोटो बघितला. पाच किलो ठेवा, मुलीला पुण्याला पाठवायचेत." मी हो म्हटलं. देणार कुठून, हा विचार हो म्हटल्यावर आला. तोवर माझं फोनवरचं बोलणं अख्ख्या पाड्याने ऐकलं होतं.

सकाळी मैनाबाई माझ्या दारात. मला वाटलं भांडायला आली. मी पदर खोचून तयार. ती म्हणाली, "पारू, पिशवी घे नि चल."

"कुठे?"

"माझ्या वलांडीवर. फोटो माझा गेलाय, तर माल बी माझाच जाऊ दे. बाईने जे बघितलंन ते तिला मिळायला पाहिजे."

"मी माझे देईन."

"तुझे कुठं हायत? मांजर बी हुंगत नाय."

गेले मी. काय करणार? भर सकाळी, सगळ्या पाड्यादेखत तिच्या वलांडीवरून एकेक बोंबील सोडवून पिशवीत भरला. ही समोर खाट टाकून बसलेली, फोनवर गिऱ्हाइकांशी बोलत. मधेच मला म्हणाली, "तो नको, तो जरा वाकडा हाय. दुसरा घे." पैसे रोख घेतलेन. फुकट दिले असते तर मी जन्मभर तिचं तोंड बघितलं नसतं. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडण संपतं तरी. हे आजही संपलेलं नाही.

मॅडम, हे कागदावर नाही, पण मघाशी तुम्ही इथे माझ्या बोंबलांचं कौतुक केलंत. पारूबाईसारखे बोंबील अख्ख्या किनाऱ्यावर नाहीत म्हणालात. लोक का हसले ते तुम्हाला कळलं नाही. ते बोंबील मैनाबाईचे होते. फोटो तिचा, माल तिचा, माझी फक्त पिशवी. तुमची खोटी वाहवा घेऊन मी आज खाली बसू शकत होते. पण ती शेजारी बसून गालातल्या गालात हसतेय, तेवढं मला सहन होत नाही.

आता ग्रुपचं. पुंडलिकभाऊ मैनाबाईचा निर्णय जाहीर करणार होते, त्यांचा त्रास वाचवते. आज सकाळी फोन वाजला. मोनालीने वाचून दाखवलं की मैनाबाईने मला ॲडमिन केलं. मला तो ग्रुप हवा होता. तीन वर्षं हवा होता. तिच्या हातून नको होता. मी तशीच तिच्या घरी गेले. ती पेटी भरत होती.

"माझ्यावर उपकार करतेस?"

"उपकार कसले? चौघी मागतायत. तीन जणींचं मला काय ठाऊक नाय. तू एकदा पकडली गेलीस. आता तुझ्या फोटोतली चिंधी सगळे बघणार. तू खोटा फोटो टाकूच शकत नायस."

"आणि त्या तिघी?"

"त्या अजून पकडल्या गेल्या नायत."

मला चांगली म्हणून निवडलं नाही, बदनाम म्हणून निवडलं. आणि वाईट हे, की तिचा हिशेब बरोबर आहे.

तर मी ग्रुप घेतला. कोणा गिऱ्हाइकाला माझ्या हातचं नको असेल तर खुशाल बाहेर पडा, मॅडम तुम्हीसुद्धा. उद्या सकाळी फोटो माझ्या टोपलीचा जाईल. बांगडा नरम असला तर नरम आहे म्हणून सांगेन. ते तिच्याकडून शिकले, हे इथे एकदा बोलले, पुन्हा बोलणार नाही.

आणि मैना, आज संध्याकाळी तू गाडीत बसलीस की मी तुला ग्रुपमधून काढणार. धर्मेशच्या फोनवरून परत घुसलीस तर त्यालाही काढीन. तू आत राहिलीस की मी कुठलाही मासा दाखवला तरी लोक विचारणार, मैनाबाई, घेऊ का? आणि तू सांगणार. तुला गप्प बसता येत नाही, ते मी एकतीस वर्षं बघितलंय. वापीला चांगलं म्हावरं मिळालं नाही तर सरळ मला फोन कर. आवाज मी चालू ठेवलाय. गाडीवाल्याबरोबर पाठवीन. भाव मात्र माझा.

पुंडलिकभाऊंनी हॉल दिला, बायांनी शाल आणि चहा केला, मॅडमनी एवढं ऐकूनही खुर्ची सोडली नाही, त्यांची मी आभारी आहे. अडाणी बाईच्या तोंडून काही वाकडं गेलं असेल तर सगळ्यांनी सांभाळून घ्या. मैना, तू नको घेऊस. तुला जे बोलले ते सगळं ठरवून बोलले.

बसते.