हामूर, मी अन् मोनूचे बाबा

माझं माहेर रामाकोना. बाबा दुसऱ्याच्या संत्र्याच्या बगीच्यात कामाले, आई निंदणाले, अन् आम्ही चार भावंडं दिवसभर कन्हान नदीत. पोहणं मले कोणी शिकवलं असं काही नाई, मोठ्या भावानं ढकललं अन् मी हातपाय मारत निंगाली, बस. काय सांगू तुम्हाले, आमचं पोहणं म्हणजे अंगावरच्या कपड्यानिशी ह्या काठावरून त्या काठावर, अन् घरी जाईपर्यंत कपडे वाळले पायजे, नाई तं आईचा मार. समुद्र कोणी पाह्यला होता? समुद्र आम्ही कॅलेंडरवर पाह्यला, तोही खाली दुकानाचं नाव छापलेला.

मंग नर्सिंग झालं नागपूरले अन् लग्न झालं सौसरले. मोनूचे बाबा, म्हणजे आमचे हे, एका हापिसात बाबू आहेत. माणूस सज्जन, माझ्यावर कधी आवाज नाई केला, पण पाण्याचं अन् त्यायचं जमत नाई. नदीवर गेलो तं पाणी तिकडं दूर असते अन् हे इकडूनच चप्पल काढून हातात घेतात. आंघोळ बादलीतली, तेही लोटा लोटा, जसं पाणी नाई तेल आहे. अशा माणसाची बायको मी, अन् मले नोकरी लागली कुठं तं मस्कतले, समुद्राच्या काठावर. तिथल्या एका दवाखान्याले नर्सा पायजे होत्या, मी इंटरव्ह्यू दिला, पास झाली. मोनू तवा कॉलेजात होती, मी म्हटलं कशी जाऊ, तं सासूबाई म्हणे, जा तू, पोरगी काय तुझ्या एकटीची आहे काय, मी बसली आहे ना इथं. माझी सासू अशीच आहे, बोलणं सरळ, मागून काही नाई.

तिथं आम्ही एका खोलीत तिघी. एक मारिसेल, फिलिपीनची, बुटकी, गोल, सदा हसरी, इंग्रजी बोले पण इतक्या जोरात का ज्याले इंग्रजी येत नाई त्यालेही समजावं. दुसरी लिसी, केरळची, उंच, देवभोळी, अन् कोणतीही गोष्ट करायच्या आधी त्यात काय काय वाईट होऊ शकते ते सांगणारी. लिफ्टमधे शिरली का म्हणे, बंद पडली तं? तिचं हिंदी अन् माझं हिंदी मिळून एक हिंदी होत होतं. आमची सुट्टी शुक्रवारी, अन् शुक्रवारी मारिसेल आपल्या जुन्या गाडीत एक लंबी सळाख टाकून समुद्रावर जाये. मी म्हटलं हे काय, पडदे लावाची सळाख आहे काय? तं म्हणे नाई, भाला आहे, मासे मारतो मी, आमच्या बेटावर लहान लहान पोरंही मारतात. तिथं त्यासाठी परवाना लागते, तो तिनं काढला होता अन् आमचाही काढून घेतला, मले न विचारता. वान्दा, म्हणे, तू नदीची पोरगी आहे ना? मले ती वान्दा म्हणे. मी किती डाव सांगितलं बाई वंदना, तं म्हणे तेच म्हणतो ना मी, वान्दा.

पहिल्या दिवशी मी सलवार-कुर्त्यावरच उतरली. दुसरं काय घालू? पाणी असं, का खालचा दगड न् दगड दिसे, अन् गरम, चहा थंडा झाल्यावर असते तसं. मारिसेल म्हणे दम घे अन् डोकं खाली घाल. मी घातलं, तं झालं काय, सलवारीत हवा भरली. दोन्ही पाय फुगले फुग्यासारखे, मी खाली जाऊन राहिली अन् सलवार मले वर ओढून राहिली, डोकं खाली, पाय आभायात. मारिसेल इतकी हसली का तिच्या तोंडातली श्वासाची नळी निंगून गेली अन् तीच बुडाले लागली. काठावर लिसी प्रार्थना करून राहिली होती, तिले वाटलं दोघीही चालल्या.

मंग आला तो काळा रबरी सूट. तो मेला अंगात जातच नाई. आम्ही पराटीचा कापूस बोरीत कसा भरतो, पायानं दाबून दाबून, तसं त्या दोघीयनं मले त्यात भरलं, शाम्पू लावून. अन् भरल्यावर समजलं का उलटा घातला, चेन पाठीवर पायजे होती ते पोटावर आली. पुना काढा, पुना भरा. तोवर दुपार झाली, आम्ही डबा खाल्ला अन् घरी आलो.

पण सांगू काय, मले गोडी लागली. त्या सळाखीच्या मागं रबराचं कडं असते, ते अंगठ्यात अडकवून ताणाचं, मूठ धराची, अन् मासा समोर आला का मूठ सोडाची, एवढंच. ऐकाले सोपं आहे. महिने गेले, माझ्या हाताले मासा नाई. मासा मले पाहे, मी माशाले पाहो, मी सळाख सोडली का तो असा जरासा सरके, जसं बसमधे कोणी शेजारच्याले जागा करून देते, अन् सळाख दगडाले. लिसी म्हणे वंदना, तू दगड माराले येते काय? ती स्वतः कधी खाली गेली नाई, लाल फुगा धरून वर तरंगे अन् आम्हाले मोजत राहे. पण दवाखान्यात सहा दिवस दुसऱ्याचं दुखणं पाहून शुक्रवारी त्या पाण्याखाली गेलं का कानात काहीच नाई, ना घंटी, ना सिस्टर सिस्टर. मले तेच पायजे होतं, मासा तं निमित्त.

अन् एक दिवस लागला. शेरी म्हणतात तिकडं त्या माशाले, हातभर लंबा. मी पाण्याखालीच ओरडली अन् अर्धा समुद्र पिली. फोटो काढला, घरी पाठवला. संध्याकाळी सासूबाईचा व्हिडीओ कॉल. म्हणे वंदना, तू विहारात काय म्हणते? म्हटलं पंचशील म्हणतो. पहिलं शील काय आहे? मी कॅमेरा जरा बाजूले केला. म्हणे सांग ना. म्हटलं जीवहिंसा करू नाई. मंग हातात काय आहे? आता मी काय कमी आहे काय, मी म्हटलं आई, तुम्ही बाजारातून मासे आणता, ते काय आपल्या मर्जीनं येतात टोपल्यात? तं म्हणे त्याचं पाप त्याले, ज्यानं मारले, मी तं मेलेलाच घेतो. मी म्हटलं वा, म्हणजे मारणारा पापी अन् खाणारे सारे सज्जन. त्यायनं चष्मा काढून पदरानं पुसला. मले वाटलं राग आला. मंग हळूच विचारलं, काटे किती होते त्याच्यात? म्हटलं कमीच. म्हणे बरं, मंग ऐक, जेवढं खाशीन तेवढंच मार, अन् खेळ म्हणून जीव घेऊ नको. मी ते पाळलं. मोठ्या माणसाचं कधी कधी असं एकच वाक्य असते, पण कामाचं असते.

पण पोरीनं काय केलं, तो फोटो मोबाईलच्या स्टेटसवर टाकला. काळा सूट, तोंडावर काच, हातात भाला, अन् मी. साऱ्या सौसरनं पाह्यला, पांढुर्ण्याच्या नणंदेचा फोन आला का वहिनी तुम्ही नोकरी सोडली काय. हापिसात लोकं मोनूच्या बाबाले म्हणत, बाबूजी, आज डब्यात काय, व्हेल का? यायनं रजा काढली, पासपोर्ट काढला, अन् सरळ मस्कतले आले. विमानतळावर मी हार घेऊन उभी, तं पहिलं वाक्य, वंदना, हे बंद कर. मी म्हटलं घरी तं चला. घरी आले, पाणी पिलं, म्हणे बंद कर. मी म्हटलं एक डाव येऊन पाहा, पाह्यल्यावरही नको म्हटलं तं नाई जाणार, शब्द देतो. अन् मी मनात शब्द दिलाही होता, खोटं काहून बोलू. ते इतक्या दुरून आले होते.

शुक्रवारी गेलो. यायनं हापिसचा पँट, बूट, मोजे, अन् डोक्यावर छत्री. लिसीले एकदम आवडले हे. दोघं काठावर बसून काय काय होऊ शकते ते एकमेकाले सांगत होते. मी अन् मारिसेल आत. आमचा नियम असा का एक खाली गेली का दुसरीनं वर राहून तिले पाहाचं, दोघीयनं संगं जायचं नाई. मी खाली गेली तं कपारीच्या तोंडाशी हामूर म्हणतात तो मासा बसला होता, मोठा, ओठ असे जाड, जसा कोणी रागानं बसला आहे. मी मूठ सोडली, लागला. पण तो गेला कपारीत सळाख घेऊन, अन् मी सळाख सोडीना. तवा सोडून वर याव लागते, मासा गेला तं गेला, हे मले मारिसेलनं शंभर डाव सांगितलं होतं. पण माझ्या डोक्यात हे काठावर बसलेले. शेवटची खेप अन् हात हलवत निंगू? ओढतो तं येत नाई, ओढतो तं येत नाई, छाती जळाले लागली, अन् मंग एकदम बरं वाटाले लागलं. ते बरं वाटणंच वाईट असते, शुद्ध जायची खूण, मी नर्स आहे, मले माहीत आहे, पण तवा नाई माहीत राहत. मारिसेलनं वेणी धरली माझी. वेणी धरून वर नेलं, दोन थापडा मारल्या गालावर, म्हणे श्वास घे वान्दा, श्वास घे.

मी डोळे उघडले अन् काठाकडं पाह्यलं, तं काय सांगू तुम्हाले, मोनूचे बाबा पाण्यात. गळ्यापर्यंत. बूट, पँट, अन् छत्री उघडीच. चालत येऊन राहिले होते, पोहता तं येत नाई, चालतच, माझं नाव घेत. एक लाट आली, मंग नुसती छत्री तेवढी दिसे. मारिसेलनं मले लाल फुगा देला हातात, म्हणे हे धर, अन् ती गेली तिकडं, काठावरून लिसी गेली, जी लिसी फुग्याशिवाय कधी पाण्यात गेली नाई ते गेली, देवाचं नाव घेत. जिले वाचवाचं ते एकटी फुगा धरून बसली, अन् साऱ्या त्यायले वाचवाले धावल्या. मीही मंग गेली हळूहळू.

बाहेर काढलं तं एक बूट पाण्यात गेलेला, अन् मोज्यातून पायात ते समुद्रातले काळे काटे घुसलेले, सायाळीसारखा गोळा असतो दगडाले चिकटलेला, त्यावर पाय देला होता. तिघी नर्सा, अन् एक पेशंट. चटईवर आडवं केलं, चिमट्यानं काटे काढत बसलो. मी म्हटलं पोहता येत नाई तं काहून आले आत? हे आभायाकडं पाहत म्हणे, तू वर येत नव्हती. एवढंच. एक काटा निंगल्यावर म्हणे, तिथं सौसरले बसून मले तं समजणारही नाई वंदना, फोन येईन तवाच समजन. तवा मले समजलं का हे हापिसातल्या लोकायच्या हसण्यासाठी नव्हते आले. मी चिमटा धरून रडली, तं मारिसेलले वाटलं काटा तुटला.

ती मंग परत जाऊन कपारीतून सळाख अन् हामूर घेऊन आली. तिथंच भाजला. यायनं तीन तुकडे खाल्ले. मी म्हटलं मी शब्द देला आहे, आजपासून बंद. हे हात धुवत म्हणे, तू बंद करशीन अन् तोंड पाडून फिरशीन, ते मले पाह्यल्या जात नाई. तुले आणाले जर पाण्यात याव लागते, तं मले पाण्यात येता आलं पायजे. शिकव मले.

पुढच्या सुट्टीत मी घरी आली अन् यायले रामाकोन्याले नेलं. ट्रकचा ट्यूब पोटाले, पायात मोजे, काहून तं काटे असतील. मी म्हटलं कन्हान नदीत कुठून आले ते काटे, तं म्हणे भरोसा नाई. पुलावर माणसं उभी राहत पाहाले, माझा मोठा भाऊ म्हणे जावईबुवा, मी ढकलू काय, आमच्यात तशीच पद्धत आहे. सासूबाई काठावर खुर्ची टाकून बसत अन् सूचना देत, ज्यायनं उभ्या आयुष्यात पोहलं नाई. पण शिकले माणूस, दोन सुट्ट्या लागल्या, शिकले. पोहणं कसं, तं मान वर, जसं कोणी कुंपणावरून डोकावते.

आता मी परत आली कायमची, इथंच सौसरले एका दवाखान्यात जातो. मोनूचं लग्न झालं. लिसीही परतली, तिचं गाव समुद्रावरच आहे, तिथं खडक चांगले आहेत, तं दरवर्षी हिवाळ्यात मी अन् हे पांढुर्ण्याहून गाडीत बसतो, नागपूरले बदलतो, अन् तिकडं जातो. मारिसेल आली तं आली, नाई तं फोनवर ओरडते. मागच्या वर्षी डॉक्टर म्हणे, सिस्टर, कानाचा पडदा पातळ झाला, आता खाली जाणं बंद. वाईट वाटलं, नाई कशाले म्हणू. भाला लिसीच्या भाच्याले देऊन टाकला.

तरी जातो. आता मी अन् मोनूचे बाबा दोघं वरच तरंगतो, तोंड पाण्यात घालून, खालचं पाहत. हे मले कोपरानं ढोसतात का तो पाहा हामूर. मी डोकं वर काढून सांगतो का तो हामूर नाई, पोपट मासा आहे. हे डोकं वर काढतात, म्हणे मी खाल्लेला आहे हामूर, मले ओळखू येते. भांडतो असं थोडा वेळ पाण्यातच, मंग पुना तोंड खाली घालतो, तं मासा निंगून गेलेला असते. मासाही गेला अन् भांडणही अर्धंच राह्यलं. चाल्लं आहे आमचं बरं, तुमचंही असंच चालो बावा.