दोरिनेलच्या गाडीत पट्टा लावायचा नाही

काढा तो पट्टा, जावईबापू. — हो, तुम्हालाच म्हणतोय. माझ्या गाडीत, माझ्या शेजारी बसून पट्टा शोधता? उद्या माझ्या घरी जेवायला बसाल आणि सूप आधी मांजराला पाजून बघाल. आणि तो लागणार नाही, उगाच खुडबुड करू नका — खाच भरलेली आहे. पट्ट्याशिवायची नुसती लोखंडी जीभ मीच खुपसलीय तिथे, नाहीतर गाडी सारखी पीं-पीं करते, डोकं उठतं. धंद्यातल्या सगळ्यांकडे असते ती. रविवारी गाडी पुसून चर्चला नेणाऱ्यांकडे नसेल.

वास्लुई ते याशी, हयात गेली माझी या रस्त्यावर. दोरिनेलची व्हॅन लोक लांबून ओळखतात. कुठलं वळण कुठे दगा देतं, झोपेत विचारा. आणि तुम्ही? पाटीवर पन्नास तर पन्नास — मागे ट्रकवाले आईबहिणीवरून शिव्या देतायत आणि साहेब आरशात बघतायत. परवा मी समोरून दिवे मारले, पुढे पोलीस आहेत म्हणून, तर म्हणे माझं काही चुकत नव्हतं. अहो, अशा वेळी आभार मानतात. — फोन? बोलतो मी फोनवर. बोलतो, सिगारेट ओढतो, दर चर्चपाशी क्रूसाची खूण करतो, तरी गाडी रेघ सोडत नाही. हा धंद्यातला हात आहे.

तुमची ती डबीएवढी गाडी राहू दे तिथेच फाटकाशी. रुक्सांद्रा येईल, मागे आडवी होईल, आणि कळा वाढायच्या आत मी तिला याशीच्या हॉस्पिटलात पोचवीन. माझी मुलगी आहे ती, पहिलं नातवंड आहे माझं. तुमच्या चालीने ते रस्त्यातच व्हायचं. आणि भरल्या दिवसांच्या पोटावर पट्टा आवळायचा, हे कुठलं शहाणपण? — नर्सने सांगितलं? पोटाच्या खालून? नर्स व्हॅन चालवते का?

कुठला अपघात? कोणी सांगितलं — हिनेच ना, तुमच्या सासूने, प्रोफिराने? अपघात नव्हता तो. अंधारात बिनदिव्याची घोडागाडी आडवी आली, मी ब्रेक मारला, गाडी जागच्या जागी उभी. तुम्ही असता तर घोड्यासकट नाल्यात गेला असता. प्रोफिरा काचेवर आपटली, कपाळाला टाके पडले, बस. मला ओरखडासुद्धा नाही. आणि एवढ्यावरून ही बाई माझ्या गाडीत बसायची बंद झाली. मळमळतं म्हणे. ड्रायव्हरची बायको बाजाराला बसने जाते — लोक मला विचारतात, मी काय तोंड दाखवू?

आल्या बघा मायलेकी. रुक्सांद्रा, इकडे, बाळा, दार उघडून ठेवलंय — अगं, तिकडे कुठे? ती याची गाडी. — बसली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आणि तू कुठे निघालीस, प्रोफिरा? तुला गाडीत मळमळतं ना?

थांबा, तुम्ही गप्प बसा. बघा तिच्याकडे. पाहिलंत? खाली न बघता हात मागे नेला, पट्टा ओढला, लावला. मुलीचाही नीट करतेय, पोटाच्या खालून. — हा सवयीचा हात आहे, जावईबापू. बसमध्ये पट्टे नसतात.

बाजाराला तुम्ही नेता हिला? केव्हापासून — नको, सांगू नका. उतरा. उतरा माझ्या गाडीतून, पोरीला कळा येतायत आणि इथे काय बसलात. जा.