सखूआत्याची चप्पल

हसू नका बे, शेळ्यांमागं फिरलेली चप्पल तुमाला कोणी हुंगवली असती म्हंजी कळलं असतं.

त्याचं असं झालं, गावावर काही आपत्ती आली तर मदत कशी करायची, ह्याचं आमच्या गावात प्रशिक्षण होतं. परळीहून साहेब आलते. फिट आलेल्या माणसाचं सोंग करायला त्यांनी मला देवळापुढं आडवं केलं अन् बजावलं, "मी सांगेपर्यंत उठायचं नाही." म्हणलं, उठतो कशाला!

साहेबांनी लई नीट समजावलं. कुशीवर वळवा, गर्दी हटवा, नाकाला कांदा-चप्पल अजिबात लावू नका. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग म्हणले, "आता तुम्ही करून दाखवा."

पहिला नंबर आमच्या सखूआत्याचा. तिनं मला कुशीवर वळवलं, गर्दी हटवली, अन् सवयीनं पायातली चप्पल काढून थेट माझ्या नाकाला! सकाळधरनं शेळ्या राखून आल्ती ती. मी टणकन उठून बसलो.

साहेबांनी कपाळाला हात लावला. "आत्याबाई, आत्ताच काय सांगितलं मी?"

आत्या म्हणली, "पर उठला का न्हाई?"

दुपारी उन्हानं साहेबांनाच चक्कर आली. पायरीवर डोळे मिटून बसले. आमी पाण्याला पळालो, आत्या त्यांच्याजवळ थांबली अन् आपल्या पायाकडं वाकली. साहेबांनी एक डोळा उघडून बघितलं अन् ताडकन उभेच राहिले.

"आत्याबाई, मी शुद्धीवर आहे! एकदम शुद्धीवर आहे!"