दगड हलवायची पद्धत

— नाही, हा ग्रीन टेरर मासा मी तुम्हाला देत नाही. अहो, घरी ऑस्कर आहे म्हणालात ना — वर्षभर एकटा, अख्ख्या टाकीचा मालक. त्यात हा सोडणार. दोघंही मासे खाणारे मासे. सकाळी एकच उरेल, आणि तुम्ही इथे येऊन म्हणाल, मासा आजारी दिलात.

एकत्र राहत नाहीत असं कुठे म्हटलं मी? त्या कोपऱ्यातल्या टाकीत बघा — ऑस्कर, अरोवाना, याचाच भाऊ, सुखाने नांदतायत. पण पद्धत आहे. आधी जुन्याला बादलीत काढायचं. मग दगड, लाकूड, सगळं हलवायचं — एक वस्तू जुन्या जागी नको. मग सगळ्यांना एकदम सोडायचं, दिवा बंद. जुन्याला आपला कोपराच सापडत नाही, मग भांडणार कशावरून? माणसांनाही लागू पडतं — हसताय काय, मी केलंय.

माझी बायको वासंती आणि सून हेमा, स्वयंपाकघर एक. हेमाने चहाचा डबा खालच्या फळीवर ठेवला की वासंती न बोलता वर ठेवायची. बोलली असती तर बरं. शेवटी मुलगा म्हणाला, बाबा, आम्ही वारज्याला फ्लॅट बघितलाय. मला ते नको होतं हो — एकुलता एक आहे. तर या दोघी एका लग्नाला गेल्या होत्या, तेवढ्यात मी सगळं हलवलं. डबे, मिसळणाचा डबा, पोळपाट, शेगडीसुद्धा खिडकीपासून भिंतीशी. दिवा नाही बंद केला, तेवढं कळतं मला.

लागू पडलं ना! दोघी मिळून मीठ शोधायच्या — एकमेकींना विचारत, हसत. आता मंडईत जोडीने जातात. माझ्याशी दोघी बोलत नव्हत्या, पण ते चालतं.

फ्लॅटचं? जातायत की. उद्या टेम्पो येतोय. वासंतीही जातेय त्यांच्याबरोबर. म्हणाली, "इतकी वर्षं मी लावलेलं, तुम्ही एका दुपारीत हलवलंत, मला न विचारता. आता ही नारायण पेठ काय आणि वारजं काय, मला सारखंच." चिडून नाही म्हणाली. चिडली असती तर समजूत काढता आली असती.

मला बोलावलं की — तुम्हीही चला म्हणाली. मीच म्हटलं, माझे मासे कोण बघणार? पुन्हा विचारेल असं वाटलं होतं. नाही विचारलं. वाईट वाटतं, त्यात लपवायचं काय.

काल म्हटलं, सगळं पहिल्यासारखं लावून ठेवावं — राहील कदाचित. ओट्यापुढे उभा राहिलो, हातात पोह्यांचा डबा. तो कुठे असायचा, मला माहीतच नव्हतं. जन्मभर तिथे जेवलो मी.

— उद्या? उद्या दुकान बंद. सामान चढवायला माणूस लागतो. निघा आता.