करीमच्या गावचं चीज

राव, आमच्या निघोज्याच्या कंपनीत मोरोक्कोचा करीम आहे. त्याच्या गावाकडचं चीज घरी करायचंच, असं मी ठरवलं. पद्धत सोपी. शेळीचं कच्चं दूध नुसतं झाकून ठेवायचं, दोन दिवसांत आपोआप घट्ट झालं की फडक्यात टांगायचं. तीनदा केलं. तिन्ही वेळा करीम चाखून म्हणाला, "भाई, ये तो दही है."

मी काय सोडतोय? चौथ्यांदा पातेल्यापाशीच ठाण मांडून बसलो. आई आली, पातेलं उचलून गॅसकडे निघाली.

"आई, काय करतेस?"

"दर वेळी करते तेच. तू कच्चंच ठेवून जातोस. मी उकळते, विरजण लावते. नाहीतर लागलं असतं का तुझं चीज?"